गियरसाहेबांचं डावं चाक

गियरसाहेब माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी पायांकडे. माझ्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ माझ्या चपलांवर नजर. "शेठ, डावी टाच जास्त झिजलीय. कंबर धरते का?" कंबर धरत होती. पण सिन्नरच्या एमआयडीसीत सकाळी सकाळी अनोळखी माणसाने येऊन असं विचारलं तर कबूल कोण करणार? मी म्हणालो, "कंबर ठणठणीत आहे. काम काय ते बोला." त्यांनी पिशवीतून एक ड्रॉइंग काढलं आणि लेथशेजारच्या टेबलावर पसरलं. विमानाच्या चाकाचं होतं. मला वाटलं, म्हातारा सटकलेला दिसतोय.

सटकलेला नव्हता, म्हणजे पूर्ण नव्हता. ओझरला विमानांच्या कारखान्यात त्यांची अख्खी नोकरी चाकांच्या खात्यात गेली होती. विमान उडालं की चाकं पोटात घ्यायची आणि उतरताना बाहेर काढायची, त्या सगळ्या यंत्रणेला तिकडे लँडिंग गियर म्हणतात. म्हणून हे गियरसाहेब. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला निघतात, नाहीतर बंगल्यावर मजला चढवतात. ह्यांनी दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं. नाशिकच्या घरात जागा नाही म्हणून माझ्या वर्कशॉपमागची भाऊसाहेबांची कांद्याची रिकामी शेड भाड्याने घेतली. पंख जोडून बघायला धड बाहेर काढलं, त्या दिवशी भाऊसाहेब कमरेवर हात ठेवून म्हणाले, "साहेब, हे खरंच उडनार हाय का नुसतं उभं करायचं हाय? उडनार नसंल तर कांदा भरायला शेड मोकळी करा." साहेबांनी त्यांच्या बुटांकडे बघितलं आणि पान्हा पुढे चालवला.

विमानाचे नकाशे परदेशातून आले होते. त्यात चाकं वर घ्यायला हाताने फिरवायचं हँडल दिलं होतं. साहेबांना तो स्वतःचा अपमान वाटला. "मी काय पायलटला विहिरीवर रहाट ओढायला बसवतोय?" त्यांनी हँडल काढून टाकलं आणि मोटर बसवली. मोटर कमी पडली म्हणून मोठी आणली. मोठी जड झाली म्हणून पुन्हा लहान, आणि तिच्या मदतीला स्प्रिंग. प्रत्येक बदलाला माझ्याकडून नवी पिन, ती ज्यात फिरते ते नळीसारखं नवं बुश, चाक अडकवायचा नवा आकडा. मी बिनचूक करून दिलं तरी त्यावर बोट फिरवून म्हणायचे, "छान आहे. अजून एक हात मारू." हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. अहो, छान आहे तर हात कशाला मारायचा? पण मारायचो. माणूस आवडायला लागला होता, दुसरं काय!

थंडीत रविवारी मला स्कूटरवर मागे बसवून नांदूरमध्यमेश्वरला न्यायचे. लोक तिथे दुर्बिणी लावून दुर्मीळ पक्षी शोधतात. हे पाय शोधायचे. करकोच्यावर त्यांचा राग. "बघा, बघा, लोंबकळत ठेवलेत मागे. आळशी लेकाचा!" बदक उठलं आणि त्याने पाय पिसांत ओढून घेतले, की खूश. अशाच एका रविवारी पाण्याच्या काठावर पोहे खाताना म्हणाले, "शेठ, मला विमानात बसायची हौस नाही. मला ते पाय पोटाशी घेऊन डोक्यावरून जाताना खालून बघायचंय. एकदाच. बास." आयुष्यभर दुसऱ्यांच्या विमानांची चाकं केली, हे एक स्वतःचं. मी पोहे खात राहिलो, पण तेव्हापासून त्यांचं काम मी आधी लेथवर घ्यायला लागलो.

विमान उडवणार होती त्यांची मुलगी शुभदा. ती बाहेरगावी विमान चालवायला शिकवते. बापाला घाबरणारं जगात कोणी नसावं, पण बाप मात्र हिला घाबरून असायचा. तिचा मुद्दा एकच होता. "बाबा, चाकं वर गेली नाहीत तर मी हसत उतरेन. खाली आली नाहीत तर काय करू? ते हँडल परत बसवा." साहेब म्हणायचे, "माझी मोटर बंद पडणार नाही." आणि विषय तिथेच थांबायचा.

त्या वर्षी दसऱ्याला आम्ही शेडमध्ये हत्यारांची पूजा केली. लेथला हार, विमानाला हार, चाकांखाली लिंबं. दुसऱ्या दिवशी विमान घोडीवर उचलून चाकं वरखाली करून बघतोय, तर डावं चाक खाली आलं तरी त्याचा हिरवा दिवा लागेना. चाक आकड्यात पक्कं अडकलं की तिथलं बटण दाबलं जातं आणि दिवा लागतो. दिवा नाही म्हणजे चाकाचा भरवसा नाही. साहेब म्हणाले, "बुश घट्ट झालंय." मी म्हणालो, "माझं बुश घट्ट असेल तर मिशी काढून ठेवीन." शब्दाला शब्द वाढला आणि दिवाळीपर्यंत आमचं बोलणं बंद. दिवाळीला शुभदा आली. तिने बॅटरी धरून आकड्याच्या आत बोट घातलं आणि बाहेर काढून बापासमोर धरलं. लालभडक. "बाबा, हे कुंकू आहे. ग्रीसमध्ये कालवून घट्ट बसलंय बटणाखाली. इथे आत कोणी लावलं?"

विमानाला दुसऱ्या कोणाला हात लावू न देणाऱ्या साहेबांनी मान खाली घातली. "चाकाला सगळेच लावतात," ते म्हणाले. "खरं ओझं तो आकडा धरतो. म्हटलं, त्याला नको का?" मी इतका हसलो की ठसका लागला. शुभदाही हसली, पण पुढच्या मिनिटाला म्हणाली, "चिमूटभर कुंकवाने अडतं, त्याच्या भरवशावर मी वर जायचं का?" त्या हिवाळ्यात साहेबांनी मुकाट्याने हँडल परत बसवलं. मोटर राहिली, तिच्या जोडीला हँडलही. काम झाल्यावर स्वतःच फिरवून बघितलं आणि म्हणाले, "वाईट नाहीये."

त्याच हिवाळ्यात लक्षात आलं की साहेब पान्हा नटाच्या बाजूला लावतायत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा मधोमध खराब होत चाललाय, आधी समोरचं जाईल, मग कडेचंही. वेग थोडा कमी करता येईल, थांबवता येणार नाही. साहेबांनी मला हे सांगितलं ते चहात बिस्किट बुडवताना. "म्हणजे शेठ, आता जरा घाई करायला पाहिजे." मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

परवानग्या आणि धावपट्टी मिळवण्याची कहाणी सोडतो, त्यावर वेगळा ग्रंथ होईल. होळीनंतर शुभदाने चाकं खालीच ठेवून बरीच उड्डाणं केली. विमान उत्तम उडालं. आणि मग चाकं आत घ्यायचा दिवस ठरला. साहेबांना अजून धूसर का होईना, दिसत होतं. सकाळी घोडीवर चाचणी झाली, तिन्ही दिवे हिरवे. विमान खाली ठेवण्याआधी साहेब सवयीने डाव्या आकड्यावरून बोट फिरवायला गेले आणि तिथेच थांबले. परत फिरवलं. मग मला म्हणाले, "भिंग घ्या. काही दिसतंय?"

केसाएवढी एक रेघ दिसत होती. तडा असेल, ओरखडाही असेल. मी म्हणालो, "ओरखडा आहे, साहेब." शुभदानेही बघितलं. तिला बापाच्या डोळ्यांचं माहीत होतं. ती म्हणाली, "मलाही ओरखडाच वाटतोय, बाबा. मी जाते." साहेब थांबण्याचा हिशेब मांडत होते. दुसरा आकडा करायचा, तपासून घ्यायचा, मध्ये पावसाळा, परत परवानगी. म्हणजे सरळ दिवाळी. तोवर त्यांना काय दिसणार होतं, ते आम्हा तिघांनाही कळत होतं. त्यांनी खिशातून खिळ्या काढल्या आणि आकड्यावर भार न येता डावं चाक खालीच राहील असं स्वतःच्या हाताने अडकवून टाकलं. मग उजवं आणि पुढचंही. "आज चाकं खालीच," म्हणाले. त्या दिवशी विमान डोक्यावरून गेलं तेव्हा ते मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने, शेवटपर्यंत बघत राहिले.

मी तो आकडा एका तपासणीवाल्याकडे दिला. निकाल यायला पावसाळा लागला, आणि ओरखडाच निघाला. सांगावं की नाही ह्या विचारात मी दोन दिवस काढले, मग सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "मलाही तसंच वाटलं होतं." मी भडकलो. "मग कशाला अडवलंत? एवढे दिवस कशासाठी मरत होतो आपण?" ते म्हणाले, "वाटणं वेगळं, शेठ. पोर माझी आहे." रेघ असलेला आकडा त्यांना नको होता, म्हणून मी नवा केला आणि त्यांनी सांगायच्या आधीच त्यावर अजून एक हात मारला.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा धावपट्टीवर उभे होतो. साहेब आता नाहीत, पण ती सकाळ माझ्याजवळ आहे. त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. माझा खांदा धरून उभे होते. विमान सुटलं, वर चढलं, वळून आमच्याकडे आलं.

"गेली का आत?"

"जातायत. उजवं गेलं. डावं... गेलं. साहेब, दोन्ही गेली! पुढचंही गेलं. पोट एकदम साफ!"

"खोटं नाही ना सांगत?"

"आईशप्पथ!" मी ओरडलो. माझे डोळे वाहत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही. मला वाटलं, आता ते हसतील, रडतील, निदान खाली तरी बसतील. त्यांनी काहीच केलं नाही. फक्त खांदा जास्त जोराने आवळला. मी म्हणालो, "साहेब, झालं की मनासारखं!"

"थांब रे," ते म्हणाले. मला एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच अरेतुरे केलं. "बाहेर आली का ते सांग."

विमान लांबून फेरी घेऊन धावपट्टीसमोर आलं. मी डोळे पुसून बघितलं.

"आली."

"तिन्ही?"

"तिन्ही."

चाकं टेकल्याचा आवाज आला, विमान धावत जाऊन थांबलं, इंजिन बंद झालं. तेव्हा कुठे साहेबांनी माझा खांदा सोडला.