चुकार मेंढरांचा धनी

गेल्या वर्षीच्या एप्रिलमधला पहिला सोमवार. रक्कम दोन लाख दहा हजार चारशे रुपये. हजर माणसं चार: पुण्याहून आलेले नवे साहेब, वाहतूक विभागाचे प्रमुख, हिशोब विभागाचा म्हणून मी, आणि ज्यांच्या नावापुढे ती रक्कम भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होती ते आमचे लेबलअण्णा. ही रक्कम अण्णांनी घेतली नव्हती की उडवली नव्हती. तरी ती त्यांच्या नावावर होती, आणि ते नाव त्यांनी स्वतःच लावलेलं होतं. असं कोण करतं, हे कळायला आधी अण्णा कळले पाहिजेत.

अण्णांच्या जेवणाच्या डब्यावर दोन ठिकाणी नाव होतं. एक झाकणावर, एक तळाला. मी एकदा विचारलं, "दोन कशाला?" तर म्हणाले, "झाकण बदलतंय ओ सौकार. बूड बदलत न्हाई." आमच्या वडिलांची बसवकल्याणला आडत होती, म्हणून मी त्यांच्यासाठी कायमचा सौकार. त्यांच्या हेल्मेटवर, छत्रीच्या दांड्यावर, चार्जरच्या वायरीवरसुद्धा पांढरी पट्टी असायची. ऑफिसातली पोरं थट्टा करायची, "अण्णा, पाठीवर बी लावून घ्या, बीदरच्या बाजारात हरवायचाव." अण्णा शांतपणे म्हणायचे, "माझी बायको ओळखतीय मला. तुझं बघ."

एकदा ते आमच्या घरी जेवायला आले होते. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि फळीसमोर थबकले. "अक्का, मीठ आणि पिठीसाखर सारख्याच डब्यात?" आमची मंडळी हसून म्हणाली, "मला ठाऊक असतं हो." त्यावर अण्णा म्हणाले, "तुम्हाला ठाऊक हाय. तुम्ही माहेरी गेल्यावर ह्या सौकाराला कोण सांगायचं? लेबल लावणाऱ्यासाठी नसतंय अक्का, मागून येणाऱ्यासाठी असतंय." पुढच्या आठवड्यात त्यांनी सोळा डब्यांच्या पट्ट्या छापून पाठवल्या. सोळाच डबे आहेत हे त्यांनी पाणी पिता पिता मोजलं होतं.

आमची कंपनी गोदामांची. बीदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीतली आमची गोदामं, तिथला आला-गेला माल, गाड्या, शीतगोदामाचं तापमान, हे सगळं संगणकांवर चालतं. आणि ते संगणक आमचे नसतात. दूर कुठेतरी दुसऱ्या कंपनीच्या इमारतीत असतात, आपण भाड्याने वापरायचे. यालाच क्लाऊड म्हणतात. इथून कुणीही बटण दाबलं की तिकडे एक मशीन सुरू होते आणि भाड्याचं मीटर पडतं. सुरू करणाऱ्याला विसर पडला तरी मीटरला पडत नाही. महिन्याचं बिल सहा लाखांच्या पुढे, आणि कुठली मशीन कुणाची, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. ते विभागवार वाटायचं काम माझं. मी अंदाजाने वाटायचो, आणि प्रत्येक विभाग मला अंदाजानेच शिव्या द्यायचा.

हे संगणकांचं सगळं काम बघणाऱ्या अण्णांनी ठरवलं की प्रत्येक मशीनला चार लेबलं हवीत: धनी कोण, काम काय, गोदाम कुठलं, कधीपर्यंत लागणार. आधी परिपत्रक काढलं. लोकांनी मनाला येईल तसं लिहिलं. एकाच गोदामाची चार नावं झाली. अण्णा म्हणाले, "माणसाच्या हातानं लेबल एकसारखं लागत न्हाई सौकार. पहिल्या दिवशी हौस, दुसऱ्या दिवशी घाई, तिसऱ्या दिवशी 'बघू की'." मग त्यांनी एक प्रोग्राम लिहिला. तो रोज सगळ्या मशिनींवरून फेरी मारायचा. ज्या मशीनला लेबल नाही ती कुणी सुरू केली हे शोधून, ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या पद्धतीने लेबल लावून यायचा. त्यानंतरच्या महिन्यात पहिल्यांदा माझं बहुतेक बिल अंदाजाशिवाय वाटलं गेलं. माझ्या नोकरीत इतका सुखाचा दिवस दुसरा आठवत नाही.

फक्त एक अडचण राहिली. काही मशिनी नोकरी सोडून गेलेल्या लोकांनी सुरू केलेल्या होत्या. त्यांना धनीच नव्हता. मी म्हणालो, बंद करून टाका. अण्णांनी एक बंद करून पाहिली. ती नेमकी शीतगोदामाचं तापमान चढलं की फोनवर इशारा पाठवणारी निघाली. इशारा आला नाही, एका व्यापाऱ्याची चिंच काळी पडली, आणि तो दारात येऊन तीन भाषांत ओरडून गेला. त्या दिवसापासून अण्णा विचारल्याशिवाय काही बंद करेनात. दर सोमवारी सगळ्या विभागप्रमुखांना ईमेल जायचा: या मशिनी कुणाच्या? उत्तर कुणाचंच यायचं नाही. वाहतूक प्रमुखांना मी माझ्यासमोर फोनवर बोलताना ऐकलंय, "असतील आमच्याच अण्णा, राहू द्या, नंतर बघू."

मग अण्णांनी ते केलं, जे त्यांच्या घरातलाच माणूस करू शकतो. ते राजेश्वर गावचे, मेंढपाळाच्या घरातले. कळपात दुसऱ्याचं चुकार मेंढरू शिरलं की त्यांचे वडील पहिल्यांदा त्याच्या पाठीवर आपल्या रंगाचा पट्टा ओढत. "चोरायला न्हाई ओ," अण्णा सांगायचे. "बिनरंगाच्या मेंढराला कुणी पाणी पाजत न्हाई, लंगडलं तर थांबत न्हाई. रंग लागला की त्याचं बरंवाईट आपल्यावर. धनी आला की अप्पा चार माणसांसमोर देऊन टाकायचे, चाऱ्याचा पैसा बी घ्यायचे न्हाईत." अण्णांनी प्रोग्राममध्ये एक ओळ वाढवली: ज्या मशीनचा धनी सापडणार नाही, तिच्यावर माझं नाव लाव. मी म्हणालो, "अण्णा, कागदावर हे वाईट दिसेल." ते म्हणाले, "दिसू द्या की. बिघडली तर फोन कुणाला तरी जायला पाहिजे का न्हाई?" आणि फोन जायचे. सणावाराला, लेकीच्या शाळेच्या कार्यक्रमात, भावाच्या लग्नात. कंपनीतल्या कुणालाही नको असलेल्या मशिनी अण्णांनी दोन वर्षं सांभाळल्या.

मग कंपनी पुण्याच्या मालकांनी घेतली आणि एप्रिलचा तो सोमवार आला. साहेबांनी पडद्यावर तक्ता लावला. महिन्याच्या भाड्यातला सगळ्यात मोठा खर्च एका माणसाच्या नावावर.

"हे काय चालवताय तुम्ही?"

"साहेब, ते माझं न्हाई. मी राखायलोय."

"नाव तुमचं आहे ना?"

"व्हय. माझंच हाय."

"कुणी लावलं?"

"मीच."

मी मध्ये बोललो. दर सोमवारचे ईमेल सांगितले, चिंचेची गोष्ट सांगितली, यातल्या बऱ्याच मशिनी वाहतुकीच्या आहेत हेही सांगितलं. वाहतूक प्रमुख मोबाईलमध्ये काहीतरी शोधत राहिले. साहेबांनी मला एवढंच विचारलं, "हा आकडा चुकीचा आहे का?" आकडा बरोबर होता. मीच तपासून दिला होता. मी तसं सांगितलं, आणि पुढचं कुणी ऐकून घेतलं नाही.

साहेब म्हणाले, मग आजच तुमचं नाव काढा. अण्णा म्हणाले, "काढतो की. कुणाचं लावू तेवढं सांगा." साहेबांनी वाहतूक प्रमुखांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तपासावं लागेल, सर." त्या खोलीत दुसरं नाव निघालं नाही. अण्णांचा राजीनामा मात्र त्याच पंधरवड्यात घेतला. नंतर हैदराबादच्या एका कंपनीत त्यांच्या नोकरीचं जवळजवळ ठरलं होतं. तिथून चौकशीचा फोन आला, आणि आमच्या ऑफिसने 'खर्चाचं प्रकरण होतं' असं सांगितलं. एवढं पुरलं. ज्या माणसाच्या छत्रीच्या दांड्यालाही नाव होतं, त्याचं नावच गेलं.

परवा बसवकल्याणच्या बसस्थानकावर भेटले. तिथल्या एका खासगी कॉलेजात शिकवतात, पगार आधीच्या निम्म्याहून कमी. मला राग यायला लागला की आकडे बडबडायची सवय आहे. मी बडबडत होतो, ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "कामून तापायलाव सौकार? ते सांगा, चुकार मेंढरांचा धनी आला का कुणी?"

"कुणी नाही आलं. प्रोग्राम तसाच चालतोय. तुमची ती ओळ काढायला सगळे घाबरतात. नव्या बेवारस मशिनींनाही तुमचंच नाव लागतंय."

त्यांनी डब्याचं झाकण दाबून लावलं. मग डबा पिशवीत ठेवत म्हणाले, "बंद करू नका म्हणावं. चिंचेचे दिवस हायेत." आणि राजेश्वरला जाणारी बस लागली तसे उठले.

अण्णांचा शेवटचा हिशोब गेल्या वर्षी माझ्याच टेबलावरून गेला. अर्ध्या महिन्याचा पगार, सत्तावीस हजार पाचशे रुपये, त्यांच्या खात्यात. नोटिशीच्या काळाचा पगार नामंजूर. त्यांच्या नावाच्या मशिनींचं या महिन्याचं भाडं दोन लाख चौसष्ट हजार झालं. ते कुणीही न विचारता मंजूर झालं, आणि मशिनी भाड्याने देणाऱ्या कंपनीला वेळेत पोचलं.