कुलपाची दुसरी किल्ली

कचरू माझा पाठचा भाऊ. एका ताटात जेवून वाढलेलो आम्ही. धायरीत पोहणारे पुष्कळ असतील, पण गढूळ पाण्यात नुसतं बोटांनी चाचपून नट आवळणारा एकच, आणि तो आमच्या घरातला. शाळा आम्हा दोघांनाही मानवली नाही; पण त्याच्याएवढा दम सगळ्या सिंहगड रोडवर कुणी दाखवला, तर मी मिशी उतरवीन.

काम त्याचं पाणबुड्याचं. नदीकाठच्या पंपघरात पाणी खेचणाऱ्या पाइपाच्या तोंडाला लोखंडी जाळी असते. जलपर्णी, पिशव्या, नवसाचे नारळ, सगळं तिथं येऊन अडकतं. कचरूनं मुखवटा लावायचा, वरून नळीनं हवा घ्यायची आणि खाली जाऊन ते उपसायचं. पंप चालू असला तर पाणी माणसाला जाळीवर चिकटवून ठेवतं, सोडत नाही. म्हणून तिथं एक रीत होती. पंपाच्या बटणाच्या पेटीला कुलूप घालायचं आणि किल्ली पाणबुड्याच्या गळ्यात. तो वर आल्याशिवाय पंप सुरू होणारच नाही.

रीत शिकवली धोंडिबा वस्तादानं. पूर्वी तोही बुड्या मारायचा, आता ठेकेदाराचा मुकादम. दर वेळी किल्लीचा दोरा स्वतःच्या हातानं कचरूच्या गळ्यात घालायचा. "जा नवरदेवा, तुझा जीव तुझ्यापाशी." बापावर नसेल एवढा कचरूचा त्याच्यावर भरवसा.

त्या दिवशी पेठांमधून पाण्याची ओरड सुरू झालेली. पाणीपुरवठ्याच्या साहेबाचे फोनवर फोन. कचरू खाली, अर्धी जाळी साफ, आणि पाण्यातनं घरघर आली. काय होतंय कळायच्या आत उजवा हात खांद्यापर्यंत जाळीला चिकटला. मग छाती. कचरूच्या कमरेचा दोर धरून वर शहाबाज उभा होता. दोराला हिसका बसला तसा तो बोंबलला, "ओ वस्ताद, बंद करा! माणूस खाली आहे!"

पंप थांबला, वर ओढला तेव्हा खांदा निखळलेला. मुखवटा काढल्या काढल्या कचरूनं आधी गळा चाचपला. किल्ली होती.

"वस्ताद, किल्ली माझ्यापाशी. मग पंप कुणी चालू केला?"

"आरं, जरा फिरवून बघितला. साहेब डोकं खात हुता."

"आणि कुलूप?"

"उघडलं की." धोंडिबा कसनुसा हसला. "येड्या, कुलपाला दोन किल्ल्या येत्यात. दुकानातनंच येत्यात."

इतकी वर्षं एक किल्ली गळ्यात घालून कचरू निर्धास्त खाली गेला, आणि दुसरी कुठंय हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. घरी बायकोला, प्रेमलाला, एवढंच म्हणाला, "आजच फिरवला असंल, का आधीपण?"

संध्याकाळी धोंडिबा केळी घेऊन आला. "उद्या मोठं साहेब चौकशीला येनार. तू म्हनायचं, कुलूप लावायचं माझ्याकडनं ऱ्हायलं. पाणबुड्याची चूक म्हटली की मिटतंय."

प्रेमला म्हणाली, "केळी पिकलीत. घरी न्या, नासतील."

"मी त्याच्याशी बोलतोय, बाई."

"तेही ऐकतायत. खांदा गेलाय, कान शाबूत आहेत."

कचरूनं विचारलं, "वस्ताद, आजवर कितीदा?"

धोंडिबा चपला शोधत राहिला. दारात जाऊन म्हणाला, "तू न्हाई बोललास, तर मी बोलीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरू हात झोळीत बांधून पंपघरावर पोचला, तर धोंडिबा आधीच बोलून बसलेला.

मोठे साहेब म्हणाले, "कुलूप न लावता उतरलास. कामावरून बंद."

शहाबाजनं तोंड उघडलं, "साहेब, कुलूप मी बघितलंय, लावलेलं..."

"तुला कुणी विचारलं?"

काठावर संभाजी नावाचा नवा पाणबुड्या मुखवटा आवळत होता. धोंडिबानं त्याच्या गळ्यात किल्ली घातली, पाठीवर थाप मारली. संभाजी उतरला.

कचरू सरळ आत गेला आणि बटणाच्या पेटीला पाठ लावून खाली बसला.

"ए, तुला बंद केलंय ना?" साहेब ओरडले.

"कामावरनं केलंय, साहेब. बसण्यावरनं नाही."

धोंडिबा जवळ येऊन हळूच म्हणाला, "ऊठ कचरू, तमाशा नको."

कचरूनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बाहेर शहाबाजला हाक दिली, "संभाजी वर आला की सांग रे. तवर मी हितंच हाय."