परदेशी जायची मोटार

लग्न होऊन मी ठाण्याला आले, त्यानंतरच्या पहिल्याच दिवाळीत सासरच्यांनी कुलदेवतेला जायचं ठरवलं. देवी गोव्यात आणि गोवा पोर्तुगीजांचा. सरहद्दीवर पेट्या उघडून दाखवाव्या लागत. त्यामुळे सासूबाई शेजारणींना ऐटीत सांगत, “आम्ही परदेशी निघालोय.”

निघालोय खरं, पण कशानं? मामंजींचं मत होतं आगगाडी. कल्याणला बसायचं, पुण्याला गाडी बदलायची की थेट मडगाव. धाकट्या भावोजींना भाड्याची मोटार हवी होती. “वाटेल तिथं थांबू, नारळ घेऊ, आंघोळी करू!”

“परदेशात टायर फुटलं तर कोणत्या भाषेत ओरडशील?” मामंजी विचारत.

आठवडाभर जेवताना दुसरा विषय नव्हता. आमच्या ह्यांनी दोन्ही बाजूंना मान डोलावून स्वतःची सुटका करून घेतली होती. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “मी उभ्या जन्मात मोटारीत बसले नाही. आधी जवळपास नेऊन आणा, मग बोलू.”

रविवारी भावोजी ड्रायव्हरसकट भाड्याची मोटार घेऊन आले. आम्ही घोडबंदरच्या रस्त्याला लागलो. तेव्हा तिथं झाडी आणि खाडीशिवाय काही नव्हतं. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. पदर उडतोय, डोळे चमकताहेत, “अगं, ते होडकं बघ! जरा जोरात घे रे!” मला वाटलं, मोटार जिंकली.

गायमुखच्या वळणांवर मामंजींनी पुढची सीट घट्ट धरली. मग पांढरे पडले. मग ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “थांबवा. मला खाडी बघायची आहे.”

खाडी त्यांनी झुडपामागे जाऊन, ओणवं होऊन बघितली. परत आले ते रुमालानं तोंड पुसत. कोणी काही विचारायच्या आत ताठ बसून म्हणाले, “उत्तम हवा आहे. मला मोटारीचं काही नाही. सगळ्यांची इच्छा असेल तर मोटारच करा.”

भावोजी खूश होऊन काही बोलणार, तेवढ्यात सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “मला नाही बाई सोसायची. कसं गरगरतंय! आपली आगगाडीच बरी.”

“अगं, आत्ता तर तू जोरात घे म्हणत होतीस!” भावोजी ओरडले.

“तेव्हाच गरगरायला लागलं,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

आम्ही आगगाडीनं गेलो. सरहद्दीवरच्या शिपायानं चकल्यांचा डबा उघडला, एक चकली चावून बघितली आणि आणखी दोन घेऊन आम्हाला सोडलं. वाटेत जो भेटेल त्याला मामंजी सांगत होते, “काय करणार, हिला मोटार लागते.” सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या.

मडगावहून देवळापर्यंत मात्र मोटारीवाचून इलाज नव्हता. रस्ता नागमोडी. स्टेशनाबाहेर सासूबाईंनी एक लिंबू विकत घेतलं, मोटारीत बसल्या आणि ते मामंजींच्या हातात दिलं. “माझं लिंबू जरा धरा हो. मला वास सोसत नाही.”

देऊळ येईपर्यंत मामंजींनी ते नाकापासून हलवलं नाही. भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईनं बाहेरची भातशेतं बघू लागले.