उसन्या अंगणातलं धान

सावली गावात आमचं घर कुडाचं, आणि दाराशी मासळीचा वास कायमचा मुक्कामाला. माझ्यासाठी आलेलं पहिलं स्थळ त्या वासानंच चहा न पिता परत गेलं. बाबांनी ते मनाला लावून घेतलं. पुढचे पाहुणे गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या काकूंच्या कवेलूच्या छपराच्या घरात बसवायचे, असं त्यांनी ठरवलं. घर काकूंचं, साडी काकूंची, अंगणात वाळत घातलेलं धानही काकूंचं. माझं म्हणावं असं तिथे फक्त नाक होतं, आणि त्यावरचा राग. तलावात मासे धरणारे आम्ही त्या दिवसापुरते धानवाले झालो.

मुलगा सिंदेवाहीकडचा. "भाताच्या फार्मवर ऑफिसात बाबू हाय," मध्यस्थ पुनःपुन्हा सांगत होता. बाबूच्या इस्त्रीच्या शर्टाची बाही मात्र मनगटाच्या बरीच वर संपत होती.

चहा चालू असताना चिमण्यांचा थवा धानावर उतरला. बाबूनं कपबशी खाली ठेवली आणि अशी आरोळी ठोकली, की काकूंची म्हैस दावं ताणून उभी राहिली. मग त्यानं एक ढेकूळ भिरकावलं. थवा उडाला, धान जागचं हललं नाही. मध्यस्थाचा चेहरा पडला.

"बाबू लोकं असे पाखरं हाकलतेत काय?" मी विचारलं. मुलीनं बोलायचं नसतं, पण मला राहवलं नाही.

तो ओशाळला. "मी पाखरंच हाकलतो तिथं. शर्ट भावजीचा हाय." मग बाबांकडे वळून हळूच म्हणाला, "पण भाऊ, चिमण्या धान खाऊन राह्यल्या होत्या, तुमच्यातलं कोनी उठलं काऊन नाई?"

"आमचं नाई म्हणून," मी म्हटलं. आणि मला इतकं बरं वाटलं, की हसू आवरेना.

"लग्न जुळवाले थोडंफार खोटं बोलाच लागते," मध्यस्थ पुटपुटला. बाबा उठले आणि पाहुण्यांना आमच्या घरी घेऊन आले. दारात जाळं वाळत होतं. मुलगा कुणी न सांगता वाकून त्याच्याखालून आत आला. तिकडचा चहा काकूंनी केला होता, इथला मी केला.

बाबांनी भीतभीत त्याला विचारलं, "पोरगी पसंत हाय काय?"

"थांबा," मी म्हटलं. "आधी मले विचारा."

आईनं कपाळाला हात लावला. आमच्यात मुलीला कुणी विचारत नसे. पण बाबांनी मला खरंच विचारलं.

"मले पसंत हाय," मी म्हटलं, आणि त्याच्याकडे वळले. "आता तुमी सांगा."