गोठ्यातली सुकी भुंय

पेंडूरच्या धोंडूला त्याच्या आडनावाने कोणी ओळखत नसे. कट्टा गावच्या बाजारात त्याची गाडी शिरली की दाजीच्या चहाच्या दुकानात बसलेली माणसं एकमेकांना सांगत, "कवडो इलो." कवडो म्हणजे त्याचा उजवीकडचा बैल. तांबूस अंगावर कवड्या उधळल्यासारखे पांढरे ठिपके होते आणि शिंगं आखूड होती. चढण लागली की मान खाली घालून तो जोडीदाराचंही ओझं स्वतःवर घ्यायचा. डावीकडचा माणको नुसता सोबतीला. गाडी ओढायचा तो कवडोच.

मालवण बंदरात मचव्यांतून कौलं, मीठ, सुकी मासळी उतरे. ती कट्ट्याला आणि तिथून आतल्या गावांत पोचवायची, हा धोंडूचा धंदा. कवडो त्याच्या घरच्याच गायीचा. अगदी कोवळ्या वयात धोंडूने त्याला खच्ची करून घेतला होता, म्हणजे लवकर शांत होईल आणि लवकर जुवाखाली येईल. पुढे त्याने त्याला मुलासारखा वाढवला. स्वतःच्या वाडग्यातली पेज थंड झाली तरी चालेल, पण कवड्याच्या घमेल्यात भाताचा कोंडा पडल्याशिवाय धोंडू जेवायला बसत नसे.

कट्ट्याला गुरांचा दवाखाना नुकताच निघाला होता. डॉक्टर घाटावरचे, तरुण आणि कमी बोलणारे. कवड्याच्या खांद्यावर जुवाने सूज आली म्हणून धोंडू त्याला तिथे घेऊन गेला. डॉक्टरांनी खांद्याला मलम लावलं आणि सहज म्हणून बैलाच्या पोटाखाली वाकून पाहिलं. मूत येतं तिथल्या केसांच्या झुपक्याला बारीक रेतीसारखे कण चिकटले होते. त्यांनी ते बोटांत चुरडले.

"याचं मूत तपासायला हवं," ते म्हणाले. "धराल का बाटलीत?"

धोंडूला त्यात अवघड काही नव्हतं. वाटेत गाडी थांबली की शीळ घालून बैलांना मोकळं करायची गाडीवाल्यांची रीतच असते. त्याने हळू शीळ घातली. कवड्याने कान हलवले, थोडा वेळ लावला, आणि धार सोडली. मूत गढूळ होतं, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं.

डॉक्टरांनी ते काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवलं. ते आणखीच दाट झालं. मग त्यात कसल्याशा आंबट औषधाचे थेंब टाकले, तसं ते फसफसून बरंचसं निवळलं. उरलेल्यातला एक थेंब त्यांनी काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि धोंडूला डोळा लावायला सांगितलं. धोंडूला आत मिठागरातल्या मिठासारखे लखलखीत तुकडे दिसले.

"हे खडे आहेत," डॉक्टर म्हणाले. "आज बारीक आहेत, उद्या मोठे होतील. मूत्राशयापासून बाहेर येणारी बैलाची नळी मध्ये नागमोडी वळते. लहानपणी खच्ची केलेल्या बैलाची ती अरुंदच राहते. त्या वळणात खडा अडकला की संपलं. कोंडा बंद करा, त्यानेच खडे धरतात. पाणी भरपूर पाजा, वाटेतसुद्धा. पाण्यात थोडं मीठ घाला, म्हणजे तो जास्त पिईल."

धोंडूने मान हलवली. घरी येऊन बायकोला, सत्यवतीला, सगळं सांगितलंही. तिने दुसऱ्या दिवसापासून कोंडा आवरता घेतला. पण दोन-चार खेपांनंतर धोंडूला कवड्याच्या बरगड्या दिसायला लागल्या, निदान त्याला तसं वाटलं. राबणाऱ्या जनावराच्या तोंडचा घास काढायचा कसा? तो स्वतःच गुपचूप ओंजळभर कोंडा टाकू लागला. ओंजळीची घमेली व्हायला वेळ लागला नाही. वाटेत पाणी पाजायला थांबलं की बाजार गाठायला उशीर व्हायचा, म्हणून तेही राहून गेलं. कवडो अंगाने पुन्हा भरला, आणि धोंडूला वाटलं, डॉक्टर म्हणतो तसं काही नसतं.

उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, कट्ट्यात कौलं उतरवताना कवडो अडला. मागचे पाय ताणून, पाठ वाकवून उभा राहिला. शेपटी वर झाली, शेपटीखाली कातडी धडधडत होती, पण खाली मातीत दोन-तीन लालसर थेंबांपलीकडे काही पडलं नाही. धोंडूने शीळ घातली. पुन्हा घातली. कवड्याने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि पाय आपटले.

दवाखाना जवळच होता. डॉक्टरांनी हाताला साबण लावून मागून आत हात घातला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"मूत्राशय शहाळ्यासारखं टणक झालंय. खडा अडकलाय. आत्ताच्या आत्ता शेपटीखाली चीर देऊन नळीला वाट करून द्यावी लागेल. बैल वाचेल, कामही करील. फक्त यापुढे मूत मागून येईल."

"मागसून म्हंजे?" धोंडूने विचारलं.

"गायीला येतं तसं."

बाहेर माणसं जमली होती. दुकान सोडून दाजीही आला होता. तो धोंडूचा लहानपणापासूनचा सोबती, आणि थट्टा केल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. तो म्हणाला, "मगे धोंड्या, कवड्याची कवडी झाली म्हण." माणसं हसली. त्यात दुष्टावा काही नव्हता. पण धोंडूच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. बाजारात गाडी शिरेल तेव्हा लोक काय म्हणतील, ते त्याला त्या क्षणी ऐकू आलं.

"घरात इचारून येतंय," तो डॉक्टरांना म्हणाला.

"विचारायला वेळ नाही. आजचा दिवस आहे हातात."

"फाल्यां सकाळी हाडतंय."

असं उद्यावर ढकलून, गाडी तिथेच सोडून, दोन्ही बैल घेऊन तो पेंडूरची वाट चालू लागला. कवडो दर वळणावर थांबत होता.

सत्यवतीने सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "तुमी तेका थंयच ठेवक होयो होतो." तरी तिने चूल पेटवली, कुळीथ उकडून त्याचं पाणी काढलं. धोंडूने ते बांबूच्या नळ्याने बैलाला पाजलं. गरम फडक्याने पोट शेकलं. कवडो कण्हत राहिला.

सकाळी धोंडू गोठ्यात गेला तर कवडो शांत बसला होता. कण्हणं नाही, ताणणं नाही. पुढे टाकलेल्या हिरव्या गवताच्या दोन काड्याही त्याने ओठांत धरल्या. धोंडूचे डोळे भरून आले. कुळथाने काम केलं, असं तो अंगणातूनच ओरडून सांगत आला. देवळात नारळ ठेवायची तयारी त्याने सुरू केली.

सत्यवती गोठ्यात जाऊन आली. "आयकलात?" ती म्हणाली. "तेच्या खालची भुंय सुकी आसा. रातभर मुतलेलो असतो तर वल नको होती?"

"भायर मुतलो आसतलो."

"दावां सोडूक नाय, तर भायर खंयसून?"

"तू गप रव गो. जनावर बरा झाला ता तुका बघवणा नाय."

तिने कळशी उचलली. ती विहिरीवर गेल्यावर धोंडू एकटा गोठ्यात गेला. कवड्याला उठवलं आणि तो बसला होता तिथे तळहात टेकला. माती कोरडी होती, अंगाच्या उबेने नुसती कोमट झाली होती. त्याने हात धोतराला पुसला आणि नारळ घेऊन देवळाची वाट धरली. कट्ट्याला जायची नव्हे.

दुपार कलल्यावर डॉक्टर सायकलने स्वतःच आले. वाट पाहून कंटाळले असतील, की राहवलं नसेल. धोंडू हसत सामोरा गेला. "बरो झालो, डॉक्टर. शांत आसा."

डॉक्टर सरळ गोठ्यात शिरले. ते कवड्याजवळ बसले. पोटाच्या एका बाजूला हात ठेवून दुसऱ्या बाजूला टिचकी मारली. आत अर्ध्या भरलेल्या कळशीसारखं पाणी हललं. त्यांनी पोटात बारीक सुई घातली, पिचकारीत पिवळट पाणी आलं. ते त्यांनी स्वतः हुंगलं आणि मग धोंडूपुढे धरलं. वास ओळखायला सूक्ष्मदर्शक नको होता.

"मूत्राशय फुटलंय," ते म्हणाले. "फुटलं म्हणून ताण गेला, आणि ताण गेला म्हणून तो शांत दिसतो. सगळं मूत पोटात पसरलंय."

"आता चीर देवा. काय व्हया ता करा."

"आता चीर देऊन उपयोग नाही." ते म्हणाले, "काल होता." मग बहुधा आपणच हे बोलायला नको होतं असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी कवड्याच्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढला नाही.

कवडो लगेच गेला नाही. हळूहळू त्याचं पोट फुगत गेलं, श्वासाला मुताचा वास येऊ लागला, डोळे आत गेले. धोंडू त्याच्यापाशी बसून असायचा. सत्यवती पेज आणून ठेवायची आणि तशीच परत न्यायची. ती एका शब्दाने काही बोलली नाही. तिने बोलावं, असं धोंडूला फार वाटत होतं.

कवड्याला त्यांनी काजूच्या बागेच्या कडेला पुरलं. दाजी खांद्यावर फावडं टाकून आला आणि सगळ्यांत जास्त खणलं त्यानेच. आपण काय बोललो होतो, ते त्याला आठवतही नव्हतं. धोंडूच्या ते लक्षात आलं आणि त्याला अधिकच एकटं वाटलं.

माणक्याला दुसरा जोडीदार जमला नाही. पुढे ट्रक वाढले, गाडी मोडीत निघाली, धोंडू काजू आणि भातशेती बघू लागला. एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यावर शेजारच्या भाईचा बैल असाच पाय ताणून उभा राहिलेला त्याने कुंपणावरून पाहिला. तो चपला न घालताच धावला. भाई तरुण होता, गोंधळला होता, वडिलांना विचारतो म्हणत होता. धोंडूने दावं त्याच्या हातातून काढून घेतलं आणि बैल सरळ कट्ट्याच्या वाटेला लावला. दवाखान्यात तोपर्यंत दुसरे डॉक्टर आले होते. चीर दिली तेव्हा बैलाची मान धोंडूने छातीशी आवळून धरली होती. कोंडलेलं मूत धो धो बाहेर आलं, त्याचे पाय भिजले, तरी तो बाजूला झाला नाही.

तो बैल वाचला. वाडीतली पोरं काही दिवस त्याच्या मागे जाऊन हसली, मग त्यांना कंटाळा आला. पावसाळ्यात तो नांगराला जुंपला तेव्हा तो कुठून मुततो याकडे कोणाचं लक्षही नव्हतं.

बांधावर बसून धोंडू ती नांगरणी बघत होता. भाई पाणी प्यायला त्याच्याजवळ येऊन टेकला.

"काका, तुमच्या कवड्याक असाच झाल्ला मां?"

"होय."

"तेव्हा डॉक्टर नाय होतो?"

"होतो," धोंडू म्हणाला.

भाईने तांब्या तोंडाला लावला. पाणी पिऊन तो परत नांगराकडे गेला. धोंडू बांधावरच बसून राहिला.