उसात गेलेल्या सहली

माझ्या सासऱ्यांइतक्या सहली बुडवणारा माणूस इंदापूर तालुक्यात दुसरा नसेल, आणि बारामती तालुका जोडीला धरला तरी नसेल. लोकांच्या सहली पावसाने बुडतात, गाडी बंद पडून बुडतात, आजारपणाने बुडतात. आमच्या उसात बुडायच्या. बाग ठरवा, देऊळ ठरवा, धरणाचं पाणी ठरवा. आम्ही डबे, पाण्याच्या बाटल्या, पोरीचे दोन जास्तीचे फ्रॉक, टोपी आणि उलटीची पिशवी असा सगळा जामानिमा घेऊन घरातून निघायचो आणि तासाभरात कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या बांधावर उभे असायचो. त्याची सुरुवात दर वेळी एकाच वाक्याने व्हायची. "पाव्हणं, जरा गाडी बाजूला घ्या." हे वाक्य विनंतीसारखं दिसतं, पण ती विनंती नसायची, कारण गाडी पुरती थांबायच्या आत त्यांचा एक पाय बाहेर गेलेला असायचा.

सासरे अंथुर्ण्याचे. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. घराला लागून त्यांचा स्वतःचा अडीच एकर ऊस आहे. पहाटे डोळा उघडला की ऊस दिसतो, जेवताना दिसतो, झोपेपर्यंत दिसतो. अशा माणसाला सुटीच्या दिवशी तरी दुसरं काही बघावंसं वाटेल, असं कुणालाही वाटेल. मलाही लग्नानंतरची पहिली दोन वर्षं वाटत होतं. पण आबांचं म्हणणं असं, की आपला ऊस ही काही बघायची गोष्ट नव्हे. बघायचा तो दुसऱ्याचा. आणि तो कौतुकाने बघायचा नाही. लग्नाला आठ वर्षं झाली, पण गेल्या महिन्यापर्यंत त्यांच्या तोंडून दुसऱ्याच्या उसाबद्दल एक बरा शब्द मी ऐकलेला नव्हता. हात पाठीमागे बांधून ते सरीत शिरतात, एक पान वाकवून त्याची खालची बाजू बघतात, मग अंगठ्याने उसाची कांडी मोजत वर वर जातात, आणि डॉक्टरने नातेवाईकांना बाजूला घ्यावं तसा चेहरा करून बाहेर येतात. "ऊस हाय का गवत?" हा सौम्य अभिप्राय. "ह्याच्यापरीस जनावरं सोडली असती तर पोट तरी भरलं असतं त्येंचं," हा मध्यम. कडक अभिप्राय इथे लिहिण्यासारखे नाहीत.

बरं, हे सगळं गुपचूप उरकावं, तर तसंही नाही. शेताचा मालक कुठूनतरी उगवतोच. आधी तो लांबूनच ओरडतो, "ओ, कोण तुमी? सर्व्हेवाले काय?" मग जवळ येतो, आबांच्या हातातलं आपल्याच उसाचं पान बघतो, आणि भांडायच्या पवित्र्यात कमरेवर हात ठेवतो. आबा त्याला नमस्कार न करता विचारतात, "पाला कवा काढला हुता?" तो गडबडतो. न विचारता आत शिरलेल्या माणसाला जाब विचारायचा सोडून तोच जाब देऊ लागतो, की मजूर मिळाले नाहीत, पाण्याची पाळी चुकली, मोटर जळाली. दहा मिनिटांत दोघं बांधावर बसलेले असतात आणि घरातून चहा येतो. त्या चहात दूध किती आणि पाणी किती हे मला एका घोटात कळतं, कारण बारामतीच्या एमआयडीसीत एका दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत मी तेच काम करतो. पण मी कधी कुणाच्या गोठ्यात शिरून म्हशीला नावं ठेवलेली नाहीत.

हे सगळं मी एरवी हसण्यावारी नेलं असतं. पण आमच्या सहली म्हणजे नुसती चैन नव्हती. आमची सई तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. तिला ऐकू नीट यायचं, सांगितलेलं सगळं समजायचं, पण शब्द दोनच, 'आई' आणि 'दे'. त्यात 'बाबा' नव्हतं, आणि मी कितीही शहाणा माणूस असलो तरी ते मला लागायचं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, काही मुलं वेळ घेतात. पण मोबाईल काढून घ्या, घरात कोंडून ठेवू नका, बाहेर न्या, नवं नवं दाखवा, तिच्याशी बोला. म्हणून दर रविवारी आम्ही बाहेर पडायचो. लोक औषधाची बाटली भरतात तशा श्रद्धेने मी गाडीत पेट्रोल भरायचो. आता अशा कामाला आबा कशाला, असं कुणी विचारेल. मीही विचारलं होतं. बायको म्हणाली, "आबा असले की ती हसते." मग दर रविवारी आबाही बरोबर.

पहिली सहल ठरली ती भिगवणला रोहित पक्षी बघायची. बारामतीहून पाऊण तासाचा रस्ता. सकाळी उन्हं चढायच्या आत पोचलं की उथळ पाण्यात गुलाबी पक्ष्यांची रांगच्या रांग दिसते, असं ऑफिसातल्या सहकाऱ्याने सांगितलं होतं. मी आठवडाभर सईला चित्रं दाखवून 'गुलाबी, गुलाबी' असा जप केला. पहाटे पाचला उठून सहाला निघालो आणि साडेदहाला पोचलो. मधले पावणेचार तास तीन शेतांत गेले. नाववाला म्हणाला, "साहेब, आता कुठं? पक्षी पार पल्याड गेलं." सई माझ्या खांद्यावर गाढ झोपली होती. आबा पाण्याकडे बघून म्हणाले, "एवढं पानी. आन् काठावरचा ऊस बघा, पिवळा पडलाय."

मी हुशारी केली. पुढच्या रविवारी बारामतीतलीच एक बाग ठरवली; तिथे झोके होते, घसरगुंडी होती, बदकं होती आणि आसपास ऊस नव्हता. पण बागेच्या फाटकाशी रसवंती होती. मी तिकिटं काढेपर्यंत आबा रसवाल्याच्या मोळीतला एकेक ऊस उपसून बघत होते. हा कुठला, कुणाचा, तोडून किती दिवस झाले, अशी त्याची उलटतपासणी तासभर चालली. सई चरकाच्या घुंगरांकडे बघत बसली, बदकांकडे कुणी गेलंच नाही. मग मी आणखी हुशारी केली आणि रेल्वेने दौंडला जायचं ठरवलं. रेल्वेला 'जरा बाजूला घ्या' म्हणता येत नाही. पण मधल्या एका लहान स्टेशनावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी आमची गाडी थांबली, आणि खिडकीतून बघतो तर रुळांपलीकडच्या सरीत आबांची टोपी. शिट्टी झाली. डब्यातली सगळी माणसं दारात येऊन "पळा, आबा, पळा" ओरडायला लागली. आबा पळत आले, चढले, घाम पुसला आणि भर डब्यात जाहीर केलं, "हुमणी लागलीय मुळांना, सांगून आलो त्येला." इंदापूरकडच्या माळावर हरणं दाखवायला नेलं तेव्हा मात्र मैलभर नुसतं गवत. तिथे आबा आजारी माणसासारखे गप्प बसले. एक हरीण डौलात समोरून गेलं, तेव्हा फक्त एवढंच विचारलं, "ही उसात शिरत्यात का वो?"

मला खरा राग यायचा तो त्यांच्या बोलण्याचा. डॉक्टरांनी पोरीशी बोला म्हणून सांगितलं होतं; रंगांची नावं, पक्ष्यांची नावं, सोपी वाक्यं. मी आणि बायको तेच करायचो. "बाळा, हे काय? बदक. म्हण, बदक. म्हण ना. ब-द-क." सई माझ्या तोंडाकडे बघायची आणि तोंड फिरवायची. आबा तिला खांद्यावर घेऊन सरीतून हिंडायचे आणि तिच्याशी युरियाबद्दल बोलायचे. "ह्यानं खत टाकलं, पर कवा? पाऊस येऊन गेल्यावर. मग काय उपेग? तुमी सांगा, बाईसाहेब." आणि मग ते थांबायचे. खरोखर थांबायचे. तीन वर्षांची न बोलणारी पोर खताबद्दल मत देईल म्हणून हा माणूस बांधावर उभा राहायचा, मान वर करून तिच्या तोंडाकडे बघायचा, चांगला अर्धा मिनिट. उत्तर यायचं नाही. मग आबा समाधानाने म्हणायचे, "बराबर हाय तुमचं," आणि पुढच्या सरीत शिरायचे. मी बायकोला म्हणायचो, तुझ्या वडिलांना डॉक्टरांकडे न्यायला पाहिजे, पोरीला नाही. पण हे बायकोला. आबांना मी काय बोलणार? सासऱ्याला 'आता पुरे' म्हणायची जावयाची टाप नसते, आणि ते मला 'पाव्हणं' म्हणून इतक्या अदबीने बोलवायचे की राग तोंडातल्या तोंडात विरून जायचा.

हिवाळा संपत आला. पक्षी आता उन्हाळ्याच्या तोंडाशी जाणार, म्हणून मी भिगवणला पुन्हा एकदा जायचं ठरवलं. आबांना आदल्या दिवशीच बारामतीला बोलावून घेतलं आणि बायकोकडून वदवून घेतलं की कुठेही थांबायचं नाही. "न्हाय थांबत, बाई," आबा म्हणाले. भिगवण तीन किलोमीटरवर राहिलं होतं. सात वाजले होते. डाव्या हाताला डोक्याच्या वर गेलेला, हिरवागार, सरळसोट ऊस आला. आबा दोन मिनिटं गुडघे चोळत बसले आणि मग ते वाक्य आलं.

अर्धा तास झाला. मालक आला, चहाही आला. मी घड्याळ बघत बांधावर उभा होतो, बायको रागाने लाल झाली होती, ऊन चढत होतं. सई आबांच्या पायाशी मातीत बसली होती. आबा मालकाला दोन सऱ्या लावून एक मोकळी सोडायची पट्टा पद्धत समजावून सांगत होते आणि तो समजून घेत होता, म्हणजे अजून तासाची निश्चिंती. मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोललो ते लिहीत नाही. तेवढ्यात सई उठली, हाताची माती फ्रॉकला पुसली, आबांचं धोतर दोन्ही हातांनी ओढलं आणि म्हणाली,

"आबा, बास की आता. चला."

स्वच्छ. एकही अक्षर न चुकता. आबांच्या हातातली चहाची बशी तशीच राहिली. बायको मटकन बांधावर बसली आणि रडायला लागली. मला वाटलं मी तरी धीराने घेईन, पण मलाही दिसेनासं झालं. आबांनी टोपी काढून तोंडावर धरली. बिचाऱ्या शेतकऱ्याला काही कळेना. आपल्या शेतात चहा पिता पिता तीन परकी माणसं का रडायला लागली हे त्याला कोण सांगणार? तो घाबरून म्हणाला, "काय झालं? पोरीला काय चावलं का?" आबा टोपीमागून म्हणाले, "न्हाय, न्हाय. नात बोलली माझी." आणि मालकाचा निरोपही न घेता, उसाकडे वळूनही न बघता, सरळ जाऊन गाडीत बसले.

त्या दिवशी आम्ही वेळेवर पोचलो. पक्षी होते, सगळं पाणी गुलाबी झालं होतं म्हणतात. 'म्हणतात' असं लिहितो, कारण आम्ही तिघंही सईच्या तोंडाकडे बघत होतो. ती पक्ष्यांकडे बघत होती आणि त्यांच्याबद्दल तिने एक अक्षर काढलं नाही.

आता सई पाच वर्षांची आहे आणि तिला गप्प कसं करावं हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. दिवसातून शंभर वेळा 'बाबा' म्हणते. त्यातलं एकही मला जास्त वाटत नाही. आम्ही सगळीकडे जातो आणि सगळीकडे वेळेवर पोचतो. कारण आबांनी त्या दिवसापासून नातीबरोबर असताना एकदाही गाडी थांबवायला सांगितलेलं नाही. आम्ही कुणी काही बोललो नव्हतो. सईला तर स्वतःचं वाक्य आठवतही नाही. पण आबांनी तो हुकूम मानला. पुढच्या सीटवर हात गुडघ्यांवर ठेवून बसतात, आणि डावीकडे चांगला ऊस आला की मान उजवीकडे वळवतात. उजवीकडेही आला तर डोळे मिटतात. मला हेच हवं होतं, यासाठीच मी इतके रविवार चरफडलो होतो. आणि आता ते डोळे मिटताना दिसले की मला गाडी चालवणं जड जातं.

गेल्या महिन्यात इंदापूरहून येत होतो. दुपारची वेळ होती, मागे सई आईच्या मांडीवर झोपली होती. अंथुर्णे जवळ आलं आणि रस्त्याला लागून दीड वर्षाने तोडायचा आडसाली ऊस सुरू झाला, असा की मलाही कळावं चांगला आहे. आबांनी डोळे मिटले. मी गाडी बाजूला घेतली.

"का थांबलाय, पाव्हणं?"

"टायर बघतो जरा."

"किती येळ लागंल?"

"लागेल अर्धा तास."

आबांनी मागे वळून सईकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग हळूच दार उघडलं, आवाज होईल म्हणून ते न लावता तसंच ठेवलं, आणि हात पाठीमागे बांधून सरीत शिरले. मी चांगल्या टायरला लाथा मारत उन्हात उभा राहिलो. पण पाच मिनिटंही झाली नसतील, तोवर ते परत आले.

"बघितला?"

"बघितला. चांगला हाय." आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून हे ऐकलं. "चला आता. उठंल ती."

मी म्हणालो, "अजून तीन टायर राहिलेत, आबा."