चिमीचं गजकर्ण आणि आबांचं पोतं

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात सकाळी झाडून काढलेले मांजरांचे केस दुपारपर्यंत पुन्हा कोपऱ्यात जमतात. किश्शांचंही तसंच, आणि त्यातही गजकर्णाचे जास्त. मांजराच्या कानावर रुपयाएवढं टक्कल पडलं तरी कुणी बघत नाही. घरात माणसाला खाज सुटली की मग पोतं शोधतात. मांजर पोत्यात, पोतं गावाबाहेर. त्यामुळं माझं पहिलं औषध म्हणजे पोतं रिकामं करून घेणं.

*

एक ट्रॅक्टरवाले भाऊ काळीकुट्ट मांजर घेऊन आले. मी म्हटलं, "रंग छान आहे."

"रंग पांढराच हाय, मॅडम. गजकर्णाला जळकं ऑईल लावलंय."

मी लय चिडले. मांजर दिवसभर अंग चाटते, म्हणजे ते सगळं पोटात चाललंय, असं चांगलं सुनावलं. भाऊंनी खाली मान घालून ऐकून घेतलं. शेवटी हळूच विचारलं, "मग नवं लावाय पाह्यजे होतं का?"

*

वालूरच्या एका मावशींना बजावलं होतं, केस उगवले तरी मी सांगेपर्यंत गोळ्या थांबवायच्या नाहीत. केस उगवले, मावशींनी गोळ्या बंद केल्या. पुढं मांजर व्याली आणि मावशी टोपलीभर पिल्लं घेऊन हजर. सगळ्यांना गजकर्ण!

"मावशी, औषध अर्धवट सोडलं म्हणून झालं हे."

मावशींनी कनवटीची उरलेल्या गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. "म्हणून तर राखून ठेवल्या होत्या."

*

या रोगावर एका औषधाच्या पाण्यात मांजर बुडवावी लागते. पाण्याला सडक्या अंड्याचा वास. ते काम आमच्या मदतनीस शेषरावांचं. मांजर नंतर पुसायची नाही, औषध अंगावरच वाळू द्यायचं, हे ते प्रत्येकाला दटावून सांगतात.

एकदा मांजर हातातून सटकली आणि शेषरावच टबात बसले. उठून टॉवेल मागायला लागले. मांजरीची मालकीण म्हणाली, "पुसायचं न्हाई म्हणलात ना तुमीच?"

*

आणि हे झरीचे आबा. हातात पोतं, पोत्यात चिमी, मागं रडवेली सून सविता. चिमी तिनं माहेराहून आणलेली.

"सुनंच्या हातावर चट्टा उठलाय," आबा म्हणाले. "ही मांजर बरी होत न्हाई म्हणा, डॉक्टरबाई. चुडाव्याला स्टेशनवर सोडून येतो. म्या तर हात बी लावला न्हाई हिला कधी."

सविता म्हणाली, "मॅडम, मी रोज सगळं झाडते, धुते. रात्री ती वेगळ्या खोलीत एकटी असते."

"कडी म्याच लावतो," आबा म्हणाले.

माझ्याकडं एक जांभळा दिवा आहे. अंधारात धरला की गजकर्ण लागलेले केस बहुतेकदा पोपटी चमकतात. शेषरावांनी पडदे ओढले. चिमीचा कान चमकला, शेपटी चमकली. सविता मुसमुसायला लागली. मला तिची लय कीव आली.

"ही बरी होते, वेळ लागतो एवढंच," मी म्हटलं. "पण ही कुणाजवळ बसते ते कळायला हवं. त्यांनाही डॉक्टरांना दाखवावं लागेल."

"फकस्त सुनंजवळ," आबा म्हणाले.

मी दिवा सविताकडं वळवला. पदरावर दोन-चार केस. मग आबांकडं वळवला. गळ्यापासून पोटापर्यंत आबांची बंडी पोपटी केसांनी भरली होती.

शेषरावांनी पडदे उघडले. सवितानं हसू दाबायला पदर तोंडाला लावला.

आबांनी पोत्याची घडी करून काखेत धरली आणि मला विचारलं, "गोळी सायीत घालून दिली तर चालंल का? नुसतं दूध आवडत न्हाई तिला."